आठवड्यांचा हिशेब

मुदतीआधी कळा सुरू झाल्या की बाईला डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं, ही रीत आता इतकी अंगवळणी पडली आहे की तिलाही इतिहास आहे याचा विसर पडतो. १९७२ मध्ये ऑकलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी २८२ बायकांवरचा प्रयोग छापला. आईला स्टेरॉइड दिलं तर कच्च्या फुप्फुसांचं बाळ तगतं, असं त्यातून दिसलं. तरी अमेरिकेत त्याची अधिकृत शिफारस व्हायला १९९४ उजाडलं. भारतात २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी २४ ते ३४ आठवड्यांच्या गरोदरपणात दर बारा तासांनी ६ मिलिग्रॅमचे चार डोस ठरवले आणि पहिला डोस देऊन पुढे पाठवण्याची मुभा उपकेंद्रातल्या नर्सबाईलाही दिली. पुण्याजवळच्या मुळशीत ही मुभा पटण्यासारखीच होती. ताम्हिणीच्या अंगाच्या वाडीवरून निघालेल्या बाईला टाटांच्या धरणाचा काठ धरून, भर पावसात, पौडचं इस्पितळ गाठायचं असतं आणि अडलंच तर तिथून पुणं.

त्याच वर्षी मात्र सहा देशांतल्या सुमारे लाखभर बाळंतपणांवरच्या प्रयोगाचा निकाल आला. त्यात नागपूर आणि बेळगावचा परिसर होता. गावपातळीपर्यंत इंजेक्शन पोचवलं, तेव्हा अतिलहान बाळांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू हजारी ३.५ ने वाढले आणि आयांमध्ये संसर्गाचा संशयही जास्त आढळला. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेकींची बाळं मुळात तेवढी लहान नव्हतीच. दिवस मोजण्यातच गफलत होती. अशा बाळाला लाभ शून्य, औषध मात्र पुरेपूर. हे औषध नुसत्या फुप्फुसांवर थांबत नाही. रोगप्रतिकारक पेशी जिथे घडतात त्या थायमस ग्रंथीतल्या कोवळ्या पेशी स्टेरॉइडने मरतात, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत जुनंच ठाऊक आहे. तैवानमधल्या सुमारे १९.६ लाख गरोदरपणांच्या नोंदींतून २०२३ मध्ये दिसलं की गर्भात स्टेरॉइड मिळालेल्या मुलांना पहिल्या वर्षात गंभीर संसर्ग अधिक झाले.

यावर आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे: ज्यांना इंजेक्शन द्यावं लागतं त्या आया आधीच अडचणीत असतात, मग दोष औषधाचा कशावरून? शिवाय ऑकलंडची ती मुलं तिशीत तपासली तेव्हा दमा किंवा फुप्फुसांच्या क्षमतेत फरक नव्हता. नोंदींवरून कारण सिद्ध होत नाही, हे कबूलच. पण ऑकलंडचा दिलासा एका इस्पितळातल्या, देखरेखीखालच्या बायकांचा आहे. तो अंदाजाने टोचलेल्या सुईला लागू पडत नाही. २०२० मध्ये बेळगावसह पाच देशांतल्या इस्पितळांत सोनोग्राफीने आठवडे पक्के करून औषध दिलं, तेव्हा नवजात मृत्यू औषध न मिळालेल्या गटातल्या २३.५ टक्क्यांच्या तुलनेत १९.६ टक्के राहिले. औषध तेच होतं. आठवडे नक्की माहीत हवेत, संसर्ग नसावा आणि बाळाची देखभाल जवळ असावी, या अटी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये घातल्या. आपल्या २०१४ च्या मुभेला सोनोग्राफीची अट पहिल्यापासून हवी होती. वाडीतल्या बाईची सोनोग्राफी पहिल्या काही महिन्यांत झालेली नसेल, तर नर्सबाईने आधी गाडी बोलवावी; सुईचं पौडचे किंवा पुण्याचे डॉक्टर ठरवतील.