भयस्वप्नाची खूण

वर्धा जिल्ह्यातील पुलगावच्या दारूगोळा भांडारात ३१ मे २०१६ रोजी मध्यरात्रीनंतर आग लागून स्फोट झाले. आसपासच्या गावकऱ्यांना झोपेतून उठून पळावे लागले. अशा रात्रीनंतर कुणास वरचेवर भयस्वप्ने पडली, तर ‘मनाचे खेळ’ म्हणून आपण त्याला वाटेस लावतो. त्याच्या देहात काही खूण सापडते काय?

हा शोध १९५३ पासूनचा. शिकागो येथे ॲसरिन्स्की व क्लाइटमन यांनी झोपेत डोळ्यांची जलद हालचाल होणारी अवस्था नोंदली. (ॲसरिन्स्कींनी आपल्या आठ वर्षांच्या मुलालाही तारा लावल्या होत्या!) भयस्वप्ने बहुतांशी याच अवस्थेत, उत्तररात्री पडतात. तेव्हा नाडी व श्वास धावत असणारच, असे वाटले. परंतु १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या चार्ल्स फिशर यांना काही भयस्वप्नांत दोन्ही शांत आढळली. म्हणजे नाडी शांत लागली म्हणून घाबरून उठलेल्याचे सांगणे खोटे ठरत नाही. आम्हांस हाच निष्कर्ष मोलाचा वाटतो.

पुढे संशय नॉरॲड्रेनॅलिनवर गेला. त्याचा परिणाम रोखणाऱ्या प्राझोसिनने आशा दाखविली. मात्र २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत माजी सैनिकांना ते औषधविरहित गोळीहून सरस ठरले नाही.

खात्रीची खूण अद्याप हाती नाही. निदान करणारा डॉक्टर आजही प्रथम रोग्यालाच विचारतो : काय दिसले, आणि किती वेळा?