उत्सवाच्या गर्दीत तातडीचे उपचार : एस्प्लनेडचे रस्ते आणि रुग्णाचा अधिकार

कोलकाता : दुर्गापूजेच्या दिवसांत मध्य कोलकात्यातील एस्प्लनेड परिसरात रात्री उशिरापर्यंत दर्शनार्थींचा ओघ सुरू असतो. अशा वेळी कोणाला हृदयविकाराचा झटका आला किंवा अपघात झाला, तर रुग्णालय किती जवळ आहे यापेक्षा तेथवर रस्ता मोकळा आहे का आणि तेथे दाखल करून घेतले जाईल का, हे प्रश्न निर्णायक ठरतात.

एस्प्लनेडपासून थोड्या अंतरावर तीन मोठी सरकारी रुग्णालये आहेत. उत्तरेला कॉलेज स्ट्रीटवर १८३५ मध्ये स्थापन झालेले कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालय, पूर्वेला सियालदहजवळ नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय आणि दक्षिणेला ‘पीजी’ या नावाने परिचित असलेले एसएसकेएम रुग्णालय. मात्र कॉलेज स्क्वेअर आणि संतोष मित्र स्क्वेअर येथील प्रसिद्ध पूजामंडप पहिल्या दोन रुग्णालयांच्या परिसरातच आहेत. त्यामुळे नकाशावर जवळ दिसणारे रुग्णालय उत्सवकाळात सर्वांत लवकर गाठता येईलच असे नाही. गणेशोत्सवात पुणे-मुंबईच्या मध्यवस्तीतील रहिवाशांनाही हा अनुभव नवा नाही.

सुटीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग बंद असला तरी मोठ्या सरकारी रुग्णालयांचा आपत्कालीन विभाग चोवीस तास चालू असतो. गंभीर रुग्णासाठी ११२ या देशव्यापी क्रमांकावर संपर्क साधता येतो. गर्दीत अडकलेल्यांनी बंदोबस्तावरील पोलिसांना तत्काळ कळविल्यास वाट मोकळी करून घेणे सोपे जाते. किरकोळ दुखापत झालेल्या व चालू शकणाऱ्या व्यक्तीसाठी मेट्रो हा पर्याय आहे. कलकत्ता वैद्यकीय महाविद्यालयासाठी सेंट्रल, एसएसकेएमसाठी रवींद्र सदन आणि नीलरतन सरकार रुग्णालयासाठी सियालदह ही स्थानके सोयीची आहेत.

खाट नसल्याचे सांगून रुग्णाला परत पाठविता येते का, या प्रश्नावरील महत्त्वाचा निवाडा कोलकात्यातील एका घटनेतूनच आला आहे. जुलै १९९२ मध्ये मथुरापूर स्थानकात रेल्वेगाडीतून पडून डोक्याला गंभीर इजा झालेल्या एका शेतमजुराला रात्रभर एका सरकारी रुग्णालयातून दुसऱ्या सरकारी रुग्णालयात फिरविण्यात आले. कोठे खाट नव्हती, तर कोठे आवश्यक सुविधा नव्हती. अखेरीस त्याला खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून उपचार घ्यावे लागले. ‘पश्चिम बंग खेत मजदूर समिती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये त्याला २५ हजार रुपयांची भरपाई देण्याचा आदेश दिला. सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार न देणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भंग असून, निधीची टंचाई ही त्यासाठी सबब होऊ शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कोणत्या रुग्णालयात खाट उपलब्ध आहे हे तत्काळ कळावे, यासाठी केंद्रीय संपर्क यंत्रणा उभारण्याची सूचनाही या निवाड्यात होती.

त्यापूर्वी १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात न्यायालयाने, जखमीचा जीव वाचविणे हे सरकारी व खासगी अशा प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबविता येणार नाहीत, असा निर्वाळा दिला होता. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्यास २०१९ च्या मोटार वाहन सुधारणा कायद्याने संरक्षण दिले आहे.

त्यामुळे खाट नसल्याचे उत्तर मिळाल्यास नातेवाइकांनी प्रथम प्राथमिक उपचार करून प्रकृती स्थिर करण्याचा आग्रह धरावा. त्यानंतर तपासणीची वेळ आणि दुसरीकडे पाठविण्याचे कारण नमूद केलेली चिठ्ठी घ्यावी व पुढील रुग्णालयात खाट असल्याची खात्री करूनच निघावे. उत्सवाच्या रात्री एक व्यर्थ फेरीदेखील रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.