कापूस राहिला, कातणे गेले

काम परदेशी गेले आणि देशातला कामकरी बेकार झाला, ही तक्रार गेली वीस-पंचवीस वर्षे आपण मुख्यतः अमेरिकेतून ऐकत आलो आहोत. तीत आपली बाजू काम मिळवणाऱ्याची. एकोणिसाव्या शतकात ही बाजू नेमकी उलट होती, हे शाळेच्या पुस्तकातही आहे: मँचेस्टर आले, विणकर बुडाला. या वाक्यात अर्धी गोष्ट राहून गेली आहे, असे आम्हांला वाटते. विणकराचे दुःख मराठी गद्याने नोंदवले. त्याला सूत पुरवणारी बाई त्या नोंदीत जवळजवळ नाही.

शहाद्याहून धडगावकडे जाताना सातपुड्याच्या पायथ्याशी म्हसावद लागते. तापीच्या उत्तरेचा हा पट्टा. आज येथे ऊस, केळी, पपई आहे, आणि कापूसही आहे. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला तेव्हा कापसाचा पुढचा सारा प्रवास, म्हणजे लोढणे, पिंजणे, कातणे, विणणे, याच मुलखात होत असे. पिंजणे पिंजाऱ्याचे, विणणे साळी-कोष्ट्यांचे व मोमिनांचे. कातणे मात्र घराघरांतल्या बायकांचे, त्यातही विधवांचे व म्हाताऱ्यांचे. एक माग अखंड चालायचा तर त्यामागे चार-सहा चरखे फिरावे लागत. म्हणजे विणण्यापेक्षा कातण्यात गुंतलेले हात कितीतरी अधिक होते. त्या हातांना कोणी कारागीर म्हटले नाही, एवढेच.

१८२० नंतर लँकेशायरचे यंत्राचे सूत येऊ लागले आणि येथे विणकराची व कातणारीची वाट वेगळी झाली. विणकराने ते सूत घेतले. ते स्वस्त होते, एकसारखे होते, ताण्याला तुटत नव्हते. नऊवारी लुगडे, त्याचे काठ, पदर, प्रांतोप्रांतीच्या आवडी हे सारे परदेशी गिरणीला सहज साधणारे नव्हते. म्हणून धुळे, मालेगाव येथे हातमाग पुढेही टिकले, प्रथम विलायती सुतावर आणि मग मुंबईच्या गिरण्यांच्या सुतावर. हातमागाचा ऱ्हास किती झाला यावर इतिहासकार आजही वाद घालतात. हातकताईविषयी तसा वाद फारसा नाही. ती गेली.

१८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवीच्या काळात कापसाचे भाव चढले. त्याच दशकात रेल्वे भुसावळला पोहोचली आणि खानदेशचा कापूस मुंबईमार्गे लिव्हरपूलला जाऊ लागला. पुढे सरकी काढण्याचे कारखाने आले, तेव्हा लोढणेही घरातून गेले. बाईकडे उरली ती वेचणी, बहुधा दुसऱ्याच्या शेतातली, रोजाने. त्याच सुमारास, १८६२ मध्ये, कापसाअभावी लँकेशायरच्या गिरण्या थांबल्या, तर तेथील बेकारांची मोजदाद झाली, मदतीसाठी समित्या बसल्या. आपल्याकडची शिरगणती १८७२ ची. मोजायला माणूस आला तोवर मोजायचे काम बरेचसे संपले होते.

आता आपल्या वाङ्मयाकडे पाहू. लोकहितवादींनी १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये लिहिलेल्या पत्रांत आपल्याच देशाचे कापड वापरावे असा आग्रह आहे. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ पूर्ण केला; त्यात यंत्राच्या विलायती मालाने येथील कारागीर उपाशी पडले, हे जळजळीतपणे येते, आणि त्या बेकारीचा बोजा अखेर जमिनीवर पडतो हेही त्यांना दिसते. फुल्यांची नजर आमच्या मते इतरांपेक्षा खूपच खोल. तरीही बुडालेला धंदा म्हणून जे डोळ्यांपुढे येते ते जातीच्या नावाने ओळखले जाणारे, पुरुषांचे काम. कातणे जातीत बसत नव्हते आणि त्याला पेठ नव्हती, म्हणून ते धंदा ठरले नाही. सार्वजनिक काकांनी १८७२ मध्ये खादीचे व्रत घेतले आणि १८७७ च्या दिल्ली दरबाराला ते खादी नेसून गेले, याची कौतुकाने नोंद झाली. पुण्यातील एका वकिलाचे सूत इतिहासात गेले! जात्यावरच्या ओव्यांचे मोठे भांडार आपल्याला मिळाले, कारण जाते विसाव्या शतकातही घरात होते आणि संग्राहक येईपर्यंत ते फिरत राहिले. चरख्याला तेवढी सवड मिळाली नाही.

गांधीजींना आश्रमासाठी चरखा हवा होता, तेव्हा तो मिळेना. गंगाबहेन मजमुदार यांनी खूप हिंडून बडोदे संस्थानातील विजापूर येथे तो शोधला, असे त्यांच्या आत्मकथेत आहे. तेथे पुष्कळ घरांत चरखे होते, पण माळ्यावर टाकलेले. पुन्हा कातायला लोक तयार होते. त्यांची मागणी इतकीच होती, की पेळू कोणी नियमित पुरवावेत आणि कातलेले सूत विकत घ्यावे.