ढाल आणि कणगी

मंडळी, गेल्या वेळी 'कारण' म्हणजे काय, यावर आपण बोललो. आज त्याचंच एक उदाहरण घेऊ, पण दर्शनग्रंथांतलं नव्हे, धान्यातलं.

१९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. रोग ओळखता येईना, म्हणून त्याला 'टर्की एक्स' म्हटलं. माग काढता काढता संशोधक ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी पोचले. दोषी होती अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस ही बुरशी. तिच्याच नावातली अक्षरं घेऊन तिच्या विषाला अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळालं.

पक्ष्यांचं ते माणसांचंही. १९७४ साली राजस्थान आणि गुजरातमधल्या आदिवासी गावांत अवकाळी पावसाने मका भिजला, बुरसला आणि तोच लोकांच्या पोटात गेला. कावीळ झाली, पोटात पाणी साठलं, शंभरावर माणसं दगावली. गावची कुत्रीसुद्धा मेली.

हे विष करतं काय? यकृत त्याची विल्हेवाट लावायला जातं आणि त्या खटपटीत त्याचं अधिक जहाल रूप तयार होतं. ते पेशीतल्या डीएनएला चिकटतं. इथे वनस्पती मदतीला येतात. ब्रोकोलीच्या कोंबांतून मिळणारं सल्फोराफेन पेशीची स्वतःची संरक्षणयंत्रणा जागी करतं. हरितद्रव्यापासून बनवलेलं क्लोरोफिलिन विषाला आतड्यातच धरून ठेवतं, असं मानतात. चीनमधल्या चिडोंग भागात यकृताचा कर्करोग फार. तिथे १८० जणांवर चार महिने चाचणी झाली. २००१ साली निकाल आला: क्लोरोफिलिन घेणाऱ्यांच्या लघवीत डीएनएच्या इजेची खूण ५५ टक्क्यांनी कमी होती.

म्हणजे ढाल खरी आहे. पण त्याच चिडोंगची दुसरी गोष्ट ऐका. १९८०च्या दशकातल्या आर्थिक सुधारणांनंतर तिथल्या लोकांना तांदूळ विकत घेता येऊ लागला, मका मागे पडला. २०१२पर्यंत रक्तातली विषाची खूण मोजता येणार नाही इतकी उतरली. यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू ४५ टक्क्यांहून अधिक घटले, आणि संशोधकांनी त्याचं मोठं श्रेय या आहारबदलाला दिलं.

आपल्याकडे 'हळद खा' हा सल्ला फुकट मिळतो. पण बुरसलेलं धान्य कुणी हौसेने खात नाही हो! घरात दुसरं नसतं म्हणून खातो. त्याला नुसती ढाल सुचवणं म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या पेशींवर ढकलणं. कणसं वाळवायला जागा, कोरडी कणगी, आणि पीक भिजलंच तर रेशनवर दुसरं धान्य, हे आधी. पेशीची पाळी त्यानंतर.

आता तुमचे प्रश्न घेऊ.