मंगळाचे दोन चंद्र: उत्पत्ती आणि कक्षा

ज्या उपग्रहाचे स्वगुरुत्व त्यास गोलाकार देण्यास अपुरे पडते, त्यास येथे लघुचंद्र म्हटले आहे. ज्या कक्षेचा परिभ्रमणकाळ ग्रहाच्या परिवलनकाळाइतका असतो, ती समकाल कक्षा. मंगळाच्या बाबतीत ती केंद्रापासून सुमारे २०,४०० किलोमीटरवर आहे. आसफ हॉल यांनी १८७७ मध्ये शोधलेल्या दोन लघुचंद्रांपैकी फोबोस (९,३७६ किमी) तिच्या आत आहे, डिमोस (२३,४६० किमी) बाहेर.

या स्थानभेदाचा पहिला परिणाम दृश्य आहे. फोबोसची प्रदक्षिणा ७ तास ३९ मिनिटांत होते. मंगळाच्या परिवलनास २४ तास ३७ मिनिटे लागतात. गोंदियाजवळील नागरा ज्या अक्षांशावर आहे, त्याच अक्षांशावर मंगळपृष्ठी उभ्या असलेल्या निरीक्षकास फोबोस पश्चिमेस उगवून पूर्वेस मावळताना दिसेल.

दुसरा परिणाम गतिकीय आहे. चंद्राच्या आकर्षणाने ग्रहावर भरतीचा फुगवटा निर्माण होतो. फोबोस परिवलनापेक्षा वेगवान असल्याने हा फुगवटा त्याच्या मागे राहतो व त्यास मागे ओढतो. त्यामुळे कोनीय संवेग घटून कक्षा वर्षाला सुमारे १.८ सेंटिमीटर आकुंचन पावते; काही कोटी वर्षांत फोबोसचे विघटन संभवते. डिमोसबाबत क्रिया उलट, परंतु अत्यल्प आहे.

आता उत्पत्ती. पहिला पक्ष ग्रहणाचा: हे मुळात लघुग्रह असून मंगळाने त्यांना पकडले. दोघांचे काळपट पृष्ठ या पक्षास अनुकूल आहे. मात्र पकडलेल्या पिंडाची कक्षा प्रारंभी अतिलंबवर्तुळाकार असते आणि तिचा कल कोणताही असू शकतो. प्रत्यक्षात दोन्ही कक्षा जवळजवळ वर्तुळाकार व विषुववृत्तीय आहेत. भरतीबलाने फोबोसची कक्षा वर्तुळाकार झाली, असे म्हणता येईल. डिमोसबाबत ते बल इतके क्षीण आहे की हे समर्थन टिकत नाही. म्हणून या वादात लहान डिमोसची साक्ष अधिक वजनदार मानली पाहिजे.  

दुसरा पक्ष आघाताचा: मोठ्या पिंडाच्या धडकेने उडालेल्या द्रव्याची चकती विषुववृत्ताभोवती स्थिरावली व तीतून चंद्र घडले. कक्षांचे वर्तुळत्व येथे स्वाभाविकपणे सिद्ध होते. पृष्ठाचा रंग अवकाशातील दीर्घ माऱ्याने बदलू शकतो. म्हणून रंगापेक्षा कक्षेचे प्रमाण बलवत्तर ठरते. अंतिम निर्णय नमुन्यांवर अवलंबून आहे. आघाताच्या उष्णतेने बाष्पशील द्रव्ये उडून जातात आणि मंगळाचे द्रव्य मिसळते. ग्रहणात यांपैकी काहीच घडत नाही. फोबोसचे नमुने आणण्यासाठी जपानने आखलेल्या मोहिमेचा हाच मुख्य प्रश्न आहे.