पादत्राणांचे क्रमांक

पादत्राणांचे क्रमांक : जोडा, बूट, चप्पल इ. पादत्राणांची लांबी आणि काही पद्धतींत रुंदीही दर्शविणारे अंक. हा अंक म्हणजे आपल्या पायाचे माप, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः रूढ पद्धतींपैकी बहुतेकींत तो पायाचा नसून फर्म्याचा असतो. फर्मा (कळबूत) म्हणजे ज्यावर कातडे ताणून पादत्राण घडवितात तो पायाच्या आकाराचा लाकडी वा प्लॅस्टिकचा ठोकळा. बोटांना हालचालीस जागा राहावी म्हणून तो पायापेक्षा साधारणपणे दीड ते दोन सेंमी. लांब ठेवतात. ही जागा किती सोडावयाची हे कारखान्यावर आणि जोड्याच्या घाटावर अवलंबून असते. त्यामुळे एकाच क्रमांकाचे दोन जोडे एकाच पायास सारखे बसतीलच असे नाही.

या अंकांच्या मुळाशी जवाचा दाणा आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात आठ यवमध्यांचे, म्हणजे आडव्या ठेवलेल्या आठ दाण्यांच्या रुंदीचे, एक अंगुल सांगितले आहे. इंग्लंडात दाणा उभा धरीत व तीन दाण्यांच्या लांबीचा एक इंच मानीत. दुसऱ्या एडवर्ड राजाने १३२४ मध्ये या मानास कायद्याचे रूप दिले व त्याच वेळी जोड्यांना क्रमांक मिळाले, असे पुष्कळदा लिहिले जाते. त्यातील जोड्यांविषयीच्या भागास आधार नाही. क्रमांकांचे स्पष्ट वर्णन रँडल होमच्या १६८८ मधील ग्रंथात येते आणि तेथे एका क्रमांकाचे अंतर पाव इंच आहे. इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे एक जव (८·४७ मिमी.), हे अंतर त्यानंतर स्थिरावले.

इंग्रजी पद्धतीत शून्य हे शून्य लांबीचे नाही. मोजणी चार इंचांपासून सुरू होते. लहान मुलांचे क्रमांक तेरापर्यंत जातात आणि पुढे मोठ्यांसाठी पुन्हा एकपासून आरंभ होतो. म्हणून मोठ्यांचा क्रमांक काढताना फर्म्याच्या इंचांतील लांबीस तीनने गुणून त्यातून २५ वजा करतात. ७ क्रमांकाचा फर्मा १०२/३ इंच, म्हणजे सु. २७·१ सेंमी. भरतो. यूरोप खंडात रूढ असलेली फ्रेंच पद्धत यापेक्षा सुटसुटीत आहे. तिचा आरंभ खऱ्या शून्यापासून होतो व एक क्रमांक म्हणजे दोन तृतीयांश सेंमी.; अर्थात ४२ क्रमांकाचा फर्मा २८ सेंमी. लांब असतो. अमेरिकेने इंग्रजी जवच स्वीकारला, पण आरंभबिंदू किंचित अलीकडे घेतला. व्यवहारात अमेरिकन पुरुषी क्रमांक इंग्रजीपेक्षा सु. एकने आणि स्त्रियांचा सु. दोनाने अधिक धरतात. अर्धे क्रमांक आणि रुंदीची अक्षरे यांची पद्धतशीर मांडणी न्यूयॉर्कच्या एडविन सिम्पसन याने १८८० च्या सुमारास केली.

आता इंग्रजी ७ चे रूपांतर फ्रेंच पद्धतीत केल्यास उत्तर सु. ४०·६ येते. असा क्रमांक कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणून कोणी ४० छापतो, कोणी ४१. ही कारखानदाराची चूक नव्हे. एका पट्टीवर ८·४७ मिमी. चे आणि दुसरीवर ६·६७ मिमी. चे टप्पे असता त्यांच्या रेषा क्वचितच जुळतात. दुकानांतील रूपांतराच्या तक्त्यांना म्हणूनच अंदाजाहून अधिक किंमत देऊ नये. या अडचणीतून मोंडोपॉइंट ही पद्धत पुढे आली. तीत फर्मा बाजूला ठेवून प्रत्यक्ष पायाची लांबी व रुंदी मिमी. मध्ये लिहितात, उदा., २६०/१००. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने ती मानक म्हणून स्वीकारली असून लष्करी बूट व बर्फावर घसरण्याचे बूट यांसाठी ती विशेष वापरली जाते. तर्कदृष्ट्या हीच पद्धत निर्दोष आहे. बाजाराने मात्र तिला फारसे जवळ केलेले नाही.

भारतात इंग्रजी क्रमांक आले ते ब्रिटिश अंमलाबरोबर. लष्करासाठी कानपूर येथे कातडी सामानाचे व बुटांचे मोठे उत्पादन सुरू झाले. पुढे १९३० नंतरच्या दशकात बाटा कंपनीने कलकत्त्याजवळ कारखाना उभारला आणि तयार, क्रमांकित जोडा सामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोहोचू लागला.

खेड्यातील वहाणेस तोवर क्रमांक ठाऊक नव्हता. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेल्या परभणी जिल्ह्यात, उर्वरित मराठवाड्याप्रमाणेच, चर्मकार हा एक प्रमुख बलुतेदार होता. मोट शिवणे, आसूड व जुंपण्या वळणे आणि कुणब्याच्या घरच्या वहाणा पुरविणे ही त्याची कामे. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने मिळे. तो गिऱ्हाइकाचा पाय कातड्यावर किंवा कागदावर ठेवून भोवती रेघ ओढी. त्या रेघेत लांबीबरोबर चवड्याची रुंदी, अंगठ्याचा कल, वाढलेले हाडही उतरे. सेलू, मानवत, गंगाखेड यांसारख्या बाजारपेठांत तयार माल येऊ लागल्यावर या आकृतीची जागा एका अंकाने घेतली. त्यात सोय होती, जोडा स्वस्तही झाला. मात्र रुंदी हिशेबातून गळाली, कारण रुंदीची अक्षरे असलेला माल भारतीय बाजारात फारसा कधी आलाच नाही.

हा तोटा लहान नाही. लहानपणापासून अनवाणी चालणाऱ्यांचा चवडा अधिक रुंद राहतो, असे दक्षिण भारतात केलेल्या व २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. काळ्या जमिनीच्या या मुलखात पावसाळ्यात वहाणेस चिखलाचे पेंड लागतात, म्हणून ती हातात घेऊन किंवा घरीच ठेवून शेतात जाण्याची रीत जुनी आहे. असा पाय अरुंद बुटात मावत नाही. मग एक क्रमांक मोठा घेतला जातो. चवडा बसतो, पण टाच सुटते आणि जोडा जेथे वाकावयास हवा त्याच्या पुढे वाकतो. धडधाकट माणसास यातून घट्टे व फोड येतात. मधुमेह किंवा कुष्ठरोग यांमुळे पायाची संवेदना गेलेल्यास जोडा चावल्याचे कळतच नाही. जखम चिघळते व प्रसंगी पाय गमवावा लागतो.

स्वातंत्र्योत्तर काळात वजने व मापे बदलली. १९५६ च्या कायद्यान्वये मेट्रिक पद्धत टप्प्याटप्प्याने आली आणि कापड मीटरवर मोजले जाऊ लागले. जोडा मात्र इंचाच्या तिसऱ्या हिश्श्यावरच राहिला. भारतीय पायांचे देशव्यापी मापन चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात केले. त्रिमितीय यंत्रांच्या साहाय्याने ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक व्यक्तींचे पाय मोजण्यात आले. भारतीय पाय सरासरीने अधिक रुंद असल्याचे त्यात आढळले. या आधारे ‘भा’ (भारत या नावावरून) ही पद्धत सुचविण्यात आली आणि २०२४ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध झाली. तीत तान्ह्या मुलांपासून प्रौढ स्त्रीपुरुषांपर्यंत आठ गट कल्पिले आहेत.

घरी माप घ्यावयाचे झाल्यास ते सायंकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. कागदावर सरळ उभे राहून, दोन्ही पायांवर भार देऊन, टाचेच्या मागील टोकापासून सर्वांत लांब बोटापर्यंतचे (ते अंगठाच असेल असे नाही) आणि चवड्याच्या सर्वांत रुंद भागाचे अंतर मिमी. मध्ये टिपावे. दोन्ही पाय सहसा तंतोतंत सारखे नसतात. जोडा मोठ्या पायाच्या मापाने निवडावा.