चकमक ते पाईप-लायटर : जालना परिसरातील अग्निसाधनांचा इतिहास आणि त्यांच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

मराठवाड्याचा इतिहास प्रामुख्याने राजसत्ता, संतपरंपरा आणि हैदराबाद मुक्तिसंग्राम या तीन अंगांनी लिहिला गेला आहे. सामान्य माणसाच्या कमरेला, कनवटीला किंवा चंचीत असणाऱ्या लहान वस्तूंना या इतिहासात फारसे स्थान मिळालेले नाही. विस्तव पेटविण्याचे साधन ही अशीच एक वस्तू होय. युरोप-अमेरिकेत धूम्रपानाच्या पाईपसाठी बनविलेले जुने लायटर जमविणे, दुरुस्त करणे आणि वापरात ठेवणे हा एक प्रतिष्ठित छंद आहे. त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत. याच कुळातील वस्तू मराठवाड्याच्या खेड्यांत शतकानुशतके वापरात होती. तिला 'चकमक' म्हणत. मात्र तिचा संग्रह झाला नाही आणि तिची नोंदही क्वचितच झाली.

प्रस्तुत शोधनिबंधात जालना जिल्ह्याच्या संदर्भात चकमकीपासून यांत्रिक लायटरपर्यंतच्या अग्निसाधनांचा ऐतिहासिक आढावा घेतला आहे. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद व परभणी जिल्ह्यांचे विभाजन होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला. त्यामुळे त्यापूर्वीच्या काळासाठी 'जालना परिसर' हा शब्दप्रयोग केला आहे. तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी आज दुमत नाही. येथे विचार व्यसनाचा नसून त्याच्या निमित्ताने घडलेल्या तंत्राचा आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) जालना परिसरातील चकमकीची भूशास्त्रीय व तांत्रिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) चिलीम व पाईप यांच्या गरजांशी अग्निसाधनांच्या रचनेचा असलेला संबंध तपासणे.
३) काडेपेटी व यांत्रिक लायटर यांच्या आगमनाने झालेल्या बदलांचा परामर्श घेणे.
४) या वस्तूंच्या दुरुस्ती व जतनासंबंधी विचार मांडणे.

दगड : दख्खनच्या काळ्या पाषाणातील गारगोटी

युरोपातील चकमकीचा दगड चुनखडीच्या थरांत सापडतो. दख्खनच्या पठारावर तसे थर नाहीत. जालना जिल्हा ज्वालामुखीय बेसाल्ट खडकावर वसलेला असून या खडकाच्या पोकळ्यांत कालांतराने दुय्यम खनिजे साचली आहेत. जालन्याच्या दगडखाणींत मिळणारे अ‍ॅपोफिलाइट व स्टिल्बाइट यांचे स्फटिक जगभरच्या खनिजसंग्राहकांना परिचित आहेत. परंतु हे देखणे स्फटिक तुलनेने मऊ असल्याने ठिणगीसाठी निरुपयोगी ठरतात. विस्तवासाठी कामी येतात ते त्याच खडकातील कॅल्सेडनी, अकीक आणि गारगोटी हे साधे दिसणारे दगड. त्यांची कठीणता मोहस् मापनात साडेसहा ते सात इतकी असते आणि ते फुटले असता काचेसारखी धार निघते.

या दगडांची पारख या प्रदेशाला फार प्राचीन काळापासून होती. प्रवरेकाठच्या नेवासे येथे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी केलेल्या उत्खननांतून अश्मयुगीन हत्यारांचा अभ्यास पुढे आला. जालना जिल्ह्यातील भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथे १९७३ साली झालेल्या उत्खननात हस्तिदंती शिल्प व विविध प्रकारचे मणी मिळाले. येथील हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे इटलीतील पॉम्पेई येथे १९३८ साली सापडलेल्या मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. सातवाहन काळात दूरदेशीच्या व्यापाराशी जोडलेल्या या भूमीत दगड फोडणे, धार काढणे आणि घासणे ही कौशल्ये नवी नव्हती.

पोलाद : ठिणगी नेमकी कशाची ?

चकमकीतील ठिणगी दगडातून निघते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. दगडाची तीक्ष्ण धार पोलादाचा सूक्ष्म कीस काढते, घर्षणाने तो कीस तापतो आणि हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन जळू लागतो. म्हणजे जळते ते पोलाद. दगड केवळ रंध्याचे काम करतो. मऊ लोखंडाची पट्टी या कामी चालत नाही. कार्बनयुक्त पोलाद तापवून, घडवून आणि त्याला 'पाणी पाजून' कठीण करावे लागते. झिजलेली कानस हे त्यासाठी उत्तम साधन होय, कारण तिचे पोलाद आधीच उच्च प्रतीचे असते. हे काम गावचा लोहार किंवा गावोगाव फिरणारा घिसाडी सहज करू शके.

तिसरा घटक म्हणजे ठिणगी झेलणारा कापूस. शेवरीचा किंवा रुईचा कापूस अथवा अर्धवट जाळून विझवलेली चिंधी त्यासाठी वापरली जाई. गारगोटीच्या धारेलगत कापूस बोटाने दाबून धरावयाचा, पोलादाचा तिरपा घाव घालावयाचा आणि कापसात ठिणगी पडली की हलकी फुंकर मारून विस्तव जागवावयाचा, अशी ही रीत होती. कापूस कोरडा राहावा यासाठी तो बंद नळीत किंवा चामडी बटव्यात ठेवीत.

'चकमक' हा शब्द तुर्की-फारसी मार्गाने मराठीत आला. आजच्या तुर्की भाषेत खिशातल्या लायटरला याच मूळ शब्दाने संबोधले जाते, ही बाब लक्षणीय आहे. मराठीत मात्र या शब्दाला दुसरा अर्थ चिकटला, तो म्हणजे लहानशी लढाई. वस्तू विस्मरणात गेली आणि वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत हा लढाईचा अर्थच उरला.

असईचे रणमैदान आणि चकमकीची बंदूक

लढाईचा व चकमकीचा संबंध जालना परिसरात केवळ भाषिक नाही. २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे केळणा व जुई या नद्यांच्या दुआबात आर्थर वेलस्ली याच्या फौजेची शिंदे-भोसल्यांच्या सैन्याशी लढाई झाली. इंग्रज पायदळाच्या हातात चकमकीच्या चापाच्या बंदुका होत्या. शिंद्यांच्या पोलमनच्या हाताखालील कवायती पलटणीही त्याच धर्तीवर सज्ज होत्या. अनियमित शिपायांकडे जुन्या तोड्याच्या बंदुका असत. चापात बसविलेला दगड पोलादी पत्र्यावर आपटून ठिणगी पाडणे हेच या बंदुकीचे मर्म होते. थोड्याच फैरींनंतर दगडाची धार बोथट होई आणि तो बदलावा लागे.

शेतकऱ्याच्या चंचीतील चकमक आणि शिपायाच्या बंदुकीचा चाप यांचे भौतिक तत्त्व एकच होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत टोपीच्या बंदुकांनी युद्धभूमीवरील चकमकीचा अंत केला. शेताच्या बांधावर मात्र ती पुढेही टिकून राहिली. त्याचे कारण चिलमीच्या रचनेत सापडते.

चिलमीला हवा निखारा

तंबाखू पोर्तुगीजांच्या द्वारे दख्खनेत आली. असद बेग याने १६०४-०५ च्या सुमारास विजापुराहून तंबाखू व धूम्रपानाचे साहित्य अकबराच्या दरबारी नेल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. जहांगीराने १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली, तरी प्रसार थांबला नाही. दरबारात हुक्का रूढ झाला आणि गावात कुंभाराच्या आव्यात भाजलेली मातीची चिलीम.

चिलीम उभी धरून ओढतात. तिच्या तळाशी खडा, त्यावर तंबाखू आणि तंबाखूवर विस्तव अशी मांडणी असते. खालच्या तोंडाला ओली छापी गुंडाळतात. या रचनेत ज्योतीपेक्षा स्थिर निखारा उपयोगी पडतो. चकमकीने पेटलेला कापूस नेमका तोच देतो. शिवाय उघड्या रानात वारा ज्योत विझवतो, पण धुमसणारा कापूस वाऱ्याने अधिकच फुलतो. पावसाळ्यात सर्दावणाऱ्या काडेपेटीपेक्षा बंद नळीतला कापूस गुराख्याला अधिक भरवशाचा वाटला असल्यास नवल नाही. या अर्थाने चकमक हीच येथील 'पाईप-लायटर' होती.

पाश्चात्त्य पाईपचीही अशीच स्वतंत्र गरज असते. पाईपच्या वाटीतील तंबाखू पेटविण्यासाठी ज्योत खाली किंवा आडवी वळवावी लागते. सिगारेटच्या लायटरची सरळ वर जाणारी ज्योत त्यासाठी गैरसोयीची ठरते. म्हणून पाईप-लायटरची नळी तिरपी ठेवतात, किंवा झिप्पो कंपनीच्या पाईप-लायटरप्रमाणे धुराड्याला गोल छिद्र पाडतात, ज्यातून पाईपच्या ओढीबरोबर ज्योत आत खेचली जाते. साधन हे सवयीच्या आकाराला येते, हे तत्त्व चिलीम व पाईप या दोन्हींत सारखेच दिसते.

काडेपेटी आणि यांत्रिक लायटर

इंग्लंडमध्ये जॉन वॉकर याने घर्षणाने पेटणारी काडी १८२७ मध्ये विक्रीस आणली. पुढे स्वीडनमधील सुरक्षित काड्या जगभर गेल्या. एकोणिसाव्या शतकात जालना येथे ब्रिटिश लष्करी छावणी होती आणि १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद लोहमार्गाने हे शहर जोडले गेले. परदेशी माल आत येण्याच्या या दोन वाटा होत्या. १९२३ मध्ये स्थापन झालेल्या विम्को कंपनीचा अंबरनाथ येथील कारखाना आणि शिवकाशीचा उद्योग यांमुळे काडेपेटी देशी झाली व स्वस्त झाली.

दरम्यान ऑस्ट्रियातील रसायनशास्त्रज्ञ कार्ल आउअर फॉन वेल्सबाख याने १९०३ मध्ये सेरियम व लोह यांच्या मिश्रधातूचे पेटंट घेतले. गॅसबत्तीच्या जाळीसाठी मोनाझाइट वाळूतून थोरियम काढल्यावर उरणाऱ्या धातूंना त्याने उपयोग शोधून दिला. १९०९ नंतर या वाळूचा मोठा साठा म्हणून त्रावणकोरचा किनारा प्रसिद्धीस आला. लायटरमधील 'खडा' म्हणतात तो हाच मिश्रधातू. येथे भूमिकांची अदलाबदल झालेली दिसते. चकमकीत दगड कठीण आणि पोलाद जळणारे, तर लायटरमध्ये पोलादी चाक कठीण आणि 'दगड' जळणारा. लोकांनी मात्र जुने नाव सोडले नाही.

पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांनी काडतुसांच्या रिकाम्या पितळी नळकांड्यांपासून लायटर बनविले. दोरीच्या लायटरमध्ये तर ज्योत नसतेच, केवळ धुमसणारी दोरी असते. कापसाच्या नळीचेच ते यांत्रिक रूप होय. ऑस्ट्रियाची इम्को, इंग्लंडची डनहिल, अमेरिकेची रॉन्सन आणि १९३२ मध्ये स्थापन झालेली झिप्पो या कंपन्यांनी पुढे लायटर घरोघरी नेला. भारत सरकारने काडेपेटीवर १९३४ मध्ये अबकारी कर बसविला, तेव्हा त्याच वर्षी यांत्रिक लायटरसाठीही स्वतंत्र कायदा केला. लायटर ही काडेपेटीची प्रतिस्पर्धी वस्तू ठरल्याचा हा शासकीय पुरावा होय. हा संघर्ष संपलेला नाही. २० रुपयांपेक्षा कमी किमतीच्या सिगारेट-लायटरच्या आयातीवर जून २०२३ मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली, त्यामागेही काडेपेटी उद्योगाचे हित होते.

दुरुस्ती आणि जतन

जुन्या अग्निसाधनांचे वैशिष्ट्य म्हणजे ती दुरुस्त होत. चकमकीचे पोलाद बोथट झाले तर लोहार पुन्हा पाणी पाजी, गारगोटी शेताच्या बांधावर मिळे. पेट्रोलच्या लायटरची वात, आतला कापूस, स्प्रिंग आणि खडा हे सर्व भाग बदलता येतात. फेकून द्यावयाच्या प्लॅस्टिक लायटरने ही साखळी तोडली. वस्तूबरोबर तिचा दुरुस्ती करणाराही बाजारातून गेला.

संग्रहासाठी अशी वस्तू हाती आल्यास काही पथ्ये पाळणे आवश्यक आहे. चकमकीच्या पट्टीवरचा सुटा गंज कोरड्या ब्रशने काढून तेलाचा हलका हात द्यावा. ती विस्तवात तापवू नये, कारण तिचे पाणी उतरते आणि ठिणगी पडत नाही. जुन्या लायटरमधील खडा हवेतील ओलाव्याने फुगून नळीत अडकतो. तो ठोकून न काढता हळूहळू कोरून काढावा. पितळेवरील जुनी झाक घासून चकाकी आणण्याचा मोह टाळावा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे वस्तू कोणत्या गावी मिळाली, कोणी घडविली, तिला काय म्हणत, याची नोंद त्याच वेळी करावी. नोंदीविना वस्तू म्हणजे केवळ धातूचा तुकडा होय.

हा इशारा जालन्यात विशेष अर्थपूर्ण आहे. जालना हे आज पोलाद उद्योगाचे शहर असून येथील भट्ट्यांत भंगार वितळवून सळया तयार होतात. भंगारवाल्याच्या तराजूत तुटका विळा, कानस आणि चकमकीची पट्टी यांचा भाव एकच. कायद्याचे संरक्षणही येथे तोकडे पडते. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांची कारागिरीची वस्तू पुरावस्तूच्या व्याख्येत बसू शकते. परंतु नोंदणीची सक्ती ठरावीक अधिसूचित प्रकारांनाच असल्याने घरगुती लोखंडी वस्तू शासकीय दप्तरात येत नाहीत. अशा वेळी व्यक्तीची दृष्टी कामी येते. पुण्याचे डॉ. दिनकर केळकर यांनी दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तू आयुष्यभर जमवून राजा दिनकर केळकर संग्रहालय उभे केले. इतरांना अडगळ वाटणारी वस्तू इतिहासाचे साधन असते, हे त्यांनी कृतीने दाखविले.

निष्कर्ष

१) जालना परिसरातील चकमक ही स्थानिक भूशास्त्र, लोहारकाम आणि वनस्पतिज्ञान यांच्या संयोगातून घडलेली साधनरचना होती.
२) काडेपेटी आल्यावरही चकमक उपयुक्त राहू शकली, याचे कारण अज्ञान किंवा दारिद्र्य एवढेच मानणे योग्य नाही. चिलमीला आवश्यक निखारा देणारे ते अधिक योग्य साधन होते.
३) यांत्रिक लायटर ही चकमकीच्या तत्त्वाचीच पुढची अवस्था असून दोहोंचा अभ्यास एकत्रितपणे होणे इष्ट आहे.
४) अशा वस्तूंचे जतन केवळ मोठ्या संग्रहालयांवर सोपवून भागणार नाही. ग्रामीण महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांच्या घरांतील जुन्या वस्तूंची नोंदवही तयार करावी. वापराची रीत ठाऊक असलेल्या वृद्धांकडून माहिती घेण्यास फार काळ उरलेला नाही. पट्टी भट्टीत गेली तर लोखंड तरी उरेल, परंतु ती वापरणाऱ्या हाताचे ज्ञान गेले तर त्याचा मागमूसही राहणार नाही.